दोन तृतीयांश

आमच्या घरात श्रीखंडाचा डबा उघडल्याशिवाय आत काय असेल हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. फ्रिजमधला असेल तर एक वेळ श्रीखंड निघेलही. पण माळ्यावरचे, दिवाणातले आणि शिलाई मशीनखालचे डबे माझे. सुट्टीला आलेल्या भाच्यानं एकदा मोठ्या आशेनं त्यातला एक उघडला आणि आतले रंगीत पट्ट्यांचे रेझिस्टर बघून विचारलं, "मामी, ही कसली बडीशेप?"

झाकणांवर चिकटपट्टी आणि तीवर माझं अक्षर. ‘मिडियम वेव्ह – आयएफटी जुळवणे.’ ‘दिवाळी रनिंग लाइट, ४०१७ – चालतं, कॅबिनेट नाही.’ एकावर नुसतंच ‘आवाज येतो’ असं लिहिलंय. कसला, ते लिहिणारीला तेव्हा माहीत असणार. भलतंच काही शोधताना हे डबे हाती लागतात. मी झाकणं वाचते, एखादं उघडते, बोर्ड उलटा करून सोल्डरचे थेंब उजेडात धरते आणि पुन्हा लावून ठेवते. रनिंग लाइटचा डबा तर दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईतच सापडतो, म्हणजे आकाशकंदिलात बसवायची इच्छा सर्वांत जास्त आणि फुरसत सर्वांत कमी अशा नेमक्या आठवड्यात. एकामागून एक दहा दिवे पेटवत जाणारी ती चकती तेवढ्यापुरती बॅटरीला जोडून बघायची, दोन फेऱ्या झाल्या की काढायची. चकलीचं पीठ भिजलेलं असतं.

वेळ मिळत नाही, असं मी वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आले. बँकेतली नोकरी, घर, येणंजाणं. कुणाला ते खोटं वाटलं नाही. पण नीट पाहिलं तर तास-दीड तास कुठे ना कुठे सापडतोच. मालिका बघायला सापडतो, फोन चाळायला सापडतो. सापडत नाही ते टेबल. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरायचं, एक्स्टेंशन ओढायचं, सोल्डरिंग आयर्न तापत ठेवायचं, मग चिमटा, कटर, मीटर, ब्रेडबोर्ड आणि त्यातून निघालेलं वायरींचं जंजाळ. नमनालाच घडाभर तेल जातं. त्यानंतर कुठे डोकं लागायला लागतं. सिग्नल इथवर येतोय, पुढे जात नाही, म्हणजे हा ट्रान्झिस्टर तरी किंवा ही जोडणी तरी, असा माग लागलेला असताना सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून विचारतात, "अगं, तुझं ते चिमट्यांचं काम झालं असेल तर ताटं घेऊ का?" त्यांचं काही चुकत नाही, साडेआठ वाजून गेलेले असतात. "आई, पाचच मिनिटं," मी म्हणते, आणि ती पाच मिनिटं आवरण्यात जातात. पुढच्या रविवारी पुन्हा मांडामांड, पुन्हा ही पिवळी वायर कुठून निघून कुठे चालली होती ते आठवणं.

हौसेचं काम तासांवर चालत नाही, पसाऱ्यावर चालतं, असं मला हल्ली वाटायला लागलंय. अर्धवट काम जसंच्या तसं, कुणाचा हात न लागता सकाळपर्यंत पडून राहील अशी दोन हात जागा ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडे वेळ आहे. घरी शिवणाऱ्या बायकांना हे पक्कं ठाऊक असतं. कापड मशीनवर लावून ठेवता आलं तर ब्लाउज होतो. घडी घालून कपाटात गेलं की पुढची लग्नसराई.

अण्णांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, अशी जागा होती. पिंपरीच्या कारखान्यात फर्स्ट शिफ्ट करून ते दुपारी घरी येत, चहा घेत आणि मागच्या पडवीत जात. तिथे पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्या ठोकून केलेलं त्यांचं टेबल होतं. त्याला कुणी हात लावायचा नाही, हे कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं. धूळ झटकायची तरी आई त्यांना विचारून झटके. काल ज्या स्क्रूवर स्क्रूड्रायव्हर टेकवून ते उठले, त्याच स्क्रूपाशी आज येऊन बसत. आईचा असा एकही कोपरा त्या घरात नव्हता. तिची विणायची पिशवी खुंटीला टांगलेली असे, आणि स्वेटर झालाच तर बसच्या रांगेत, रेशनच्या रांगेत होई.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. तेव्हा रेडिओ ठेवायचा तर पोस्टातून लायसन्स काढावं लागे आणि दरसाल ते नवं करून घ्यावं लागे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत हे चाललं. शिस्तीच्या अण्णांनी लायसन्स आधी काढलं आणि रेडिओ मागाहून बांधायला घेतला. १९६९ साली निघालेल्या ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’चे अंक ते रद्दीच्या दुकानातून आणत आणि त्यातल्या सर्किटांखाली पेन्सिलीनं रेघा ओढत. मी शेजारी पाटावर बसून रेझिस्टर निवडून देई. त्यासाठी ग्रेट ब्रिटनचे बी. बी. रॉय आणि त्यांची गुणी बायको हे घोकून ठेवलेलं होतं: काळा, तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा. पिवळा-जांभळा-लाल म्हणजे ४.७ किलोओहम, हे मला पाढ्यांच्या आधी येत होतं, असं अण्णा पाहुण्यांना सांगत. बाकी पाढेही येत होते.

त्या रेडिओतला सगळ्यात नाजूक भाग म्हणजे पत्र्याच्या चौकोनी टोपणातल्या चार कॉइल. ऑसिलेटरची लाल, आयएफटींच्या पिवळी, पांढरी आणि काळी. पुणे केंद्र मिडियम वेव्हवर ७९२ किलोहर्ट्झला. रेडिओ स्वतःच्या पोटात त्याहून ४५५ नं वरची, १२४७ची लहर तयार करतो, आणि या दोहोंतला फरक तेवढा पुढे पाठवतो. कुठलंही केंद्र लावा, पुढे जायचं ते ४५५ होऊनच. त्यासाठी त्या कॉइलींच्या डोक्यावरचे रंगीत गाभे केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवून जुळवावे लागतात. आणि लोखंडी स्क्रूड्रायव्हर चालत नाही, कारण तो जवळ गेला की जुळलेलं बिघडतं आणि दूर नेला की पुन्हा वेगळं होतं. अण्णांनी आईची प्लॅस्टिकची विणायची सुई मागून घेतली, तिचं टोक कानशीनं घासून चपटं केलं आणि श्वास रोखून पिवळा गाभा फिरवला. आधी नुसती खरखर. मग खरखरीच्या तळाशी कुणीतरी बोलतंय असा भास. मग एका पाव फेऱ्यात ते बोलणं वर आलं आणि प्रादेशिक बातम्या पडवीत लख्ख ऐकू आल्या. आई पदराला हात पुसत बाहेर आली. "माझी सुई गेली ना?" ती म्हणाली.

तो रेडिओ पुढे कित्येक वर्षं वाजला, पण त्याला मागचं झाकण कधीच बसलं नाही. एसी १२७-१२८ची जोडी बदलून बघायची आहे, स्पीकर जरा मोठा घालायचा आहे, असं काही ना काही अण्णांच्या मनात असेच. झाकण लावणं म्हणजे आता यात काही करायचं उरलं नाही, असं कबूल करणं. ते त्यांच्याच्यानं झालं नसावं.

सोल्डरच्या धुराचा वास मला तेव्हापासून ओळखीचा. साठ टक्के कथील आणि चाळीस टक्के शिशाची ती तार, तिच्या पोटातच राळ भरलेली. आधी तांब्याची टिकली आणि तिच्यातून वर आलेला पाय हे दोन्ही तापवायचे, आणि मग तार टेकवायची. घाई केली की थेंब नुसताच वर बसतो. राळेचा बारीक धूर निघतो, आणि तोवर गोळा होऊन राहिलेलं सोल्डर एकाएकी पायाच्या बुंध्याशी पसरतं, आरशासारखं चकाकतं. आयर्न उचललं की क्षण-दोन क्षण ती चकाकी टिकते, मग तिच्यावर अगदी पुसट साय धरते. म्हणजे ते बसलं. तेवढ्या वेळात पाय हलला तर थेंब रवाळ, राखाडी होतो. त्याला सगळे ड्राय सोल्डर म्हणतात. ते आज चालतं, महिन्याभरानं कधी चालतं, कधी नाही, आणि बिघडलेल्या टीव्हीवर थाप मारली की चित्र का येतं याचं उत्तर पुष्कळदा तिथेच असतं. त्यामुळे त्या दोन क्षणांत कुणी हाक मारली, दाराची बेल वाजली, दूध उतू गेलं, तरी मी ओ देत नाही. दिवसभरात माझ्या पूर्ण मालकीचा म्हणावा असा वेळ हाच.

सुटे भाग आणायला मी बुधवार पेठेत जाते. तापकीर गल्लीत एकेका दुकानाचा दर्शनी भाग जेमतेम दाराएवढा आणि आत छतापर्यंत खणच खण. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरही मी गेले आहे. तिथली दुकानं मोठी, पण काउंटरपलीकडचा माणूस न बघता हात मागे नेतो आणि नेमका खण ओढतो, ते कसब दोन्हीकडे सारखंच. मी कागदावरची यादी वाचायला लागते. बीसी ५४७ दहा, ७८०५ दोन, झीरो पीसीबी एक. "मुलाचं प्रोजेक्ट का, ताई?" हा प्रश्न ठरलेला. पूर्वी मी हो म्हणून टाकत असे. परवा म्हटलं, "नाही, माझंच." तो पोरगेला माणूस जरा थांबला, मग समजुतीच्या स्वरात म्हणाला, "असं होय! सबमिशन कधी आहे?"

मी हसले, पण गल्लीतून बाहेर येऊन पासोड्या विठोबाच्या देवळापर्यंत चालत आले तरी तो प्रश्न डोक्यातून जाईना. सबमिशन नसलेलं काम त्याच्या गिऱ्हाइकांत बहुधा कुणाकडेच नसेल. कॉलेजच्या मुलांना तारीख असते, दुरुस्तीवाल्यांच्या टेबलावर मालकाचं नाव लिहिलेली चिठ्ठी असते. माझ्या पिशवीतल्या ऐवजाची वाट बघणारं जगात कुणी नव्हतं.

त्या गल्लीतून मी न चुकता आणते ती एक वस्तू म्हणजे ५५५. आठ पायांचा, नखाएवढा काळा चौकोन, आणि काम एकच: वेळ मोजणं. हान्स कामेनझिंड या स्वित्झर्लंडमधून अमेरिकेत गेलेल्या इंजिनिअरनं १९७१मध्ये त्याचा आराखडा पुरा केला आणि १९७२मध्ये सिग्नेटिक्स कंपनीनं तो बाजारात आणला. कामेनझिंड आधी त्याच कंपनीत नोकरीला होता. ती सोडून कंत्राटावर, एकट्यानं, त्यानं हे काम केलं. पहिल्या आराखड्याला नऊ पाय लागत होते. मग त्याला आतली मांडणी सोपी करायची युक्ती सुचली आणि एक पाय गळून ते आठात बसलं. सिलिकॉनवर छापायची नक्षी त्या काळी प्लॅस्टिकच्या तावावर सुरीनं हातानंच कापावी लागे, तीही त्यानं कापली. नोकरी सोडून एका माणसानं टेबल मांडलं, आणि जगाला पन्नास वर्षांहून जास्त पुरेल असं घड्याळ त्यातून निघालं.

या घड्याळाचं चालणं मोठं गमतीचं आहे. त्याच्या पोटात ५ किलोओहमचे तीन सारखे रेझिस्टर ओळीनं बसवलेले आहेत, आणि त्यांमुळे व्होल्टेजच्या दोन रेघा आखल्या जातात: एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश. बाहेर जोडलेला कपॅसिटर भरत भरत वरच्या रेघेला पोचला की ५५५ त्याला रिकामा करायला घेतो. खालच्या रेघेला आला की पुन्हा भरू देतो. नऊ व्होल्टची बॅटरी असेल तर तीन ते सहा, सहा ते तीन. काट्याचा मीटर लावून ठेवला तर काटा या दोन आकड्यांच्या मधे सावकाश येरझारा घालताना दिसतो, आणि प्रत्येक फेरीला एलईडी एकदा लागतो, एकदा विझतो. नऊपर्यंत तो कधी जात नाही. शून्यावरही येत नाही. अपवाद फक्त पहिल्या फेरीचा. स्विच दाबल्यावर कपॅसिटर रिकामा असतो, म्हणून पहिली भरती तेवढी लांबते. नंतर सर्किट चालू आहे तोवर तळ पुन्हा दिसत नाही.

हे बघताना माळ्यावरच्या डब्यांची आठवण येणारच. माझं प्रत्येक काम झपाट्यानं दोन तृतीयांशाला पोचतं. ब्रेडबोर्डवर दिवा लागतो, आवाज येतो, मनातलं सर्किट खरं आहे हे कळतं. उरलेला तिसरा हिस्सा वेगळाच असतो. झीरो बोर्डावर सगळं पुन्हा उतरवा, कॅबिनेटला भोकं पाडा, नॉबचा दांडा कापा, वायरला ताण बसू नये म्हणून गाठ मारा, मागचं झाकण लावा. त्यात शोध काही नसतो, नुसती चिकाटी असते, आणि तोवर मन दुसऱ्याच सर्किटाकडे ओढ घेतं. उतरण सुरू होते. पण तीही तळाला जात नाही. वर्षं लोटल्यावर डबा उघडला तरी पाटी कोरी नसते.

हात मात्र गंजलेला असतो, आणि वस्तूही. पाय काळपट झालेले, ब्लेडनं खरवडल्याशिवाय सोल्डर धरत नाहीत. मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वर्षानुवर्षं नुसते पडून राहिले की आतल्या ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर विरळ होत जातो. एकदम पुरं व्होल्टेज दिलं तर ते गळू लागतात, तापतात. म्हणून मधे मोठा रेझिस्टर घालून थोडंथोडं चढवत न्यायचं. तासाभरात थर पुन्हा बसतो. त्या तासात मी काही करत नाही. मीटरचा आकडा उतरताना बघते आणि माझ्याच जुन्या वहीतलं माझंच सर्किट वाचते. हा रेझिस्टर मी इथे का घातला असेल? तेव्हाच्या मला काहीतरी माहीत होतं, जे आताच्या मला शोधून काढावं लागतं.

पुढच्या वर्षी मी निवृत्त होते. सगळे म्हणतात, आता काय, वेळच वेळ. लेकीनं तर मागच्या खोलीतलं टेबल माझं असं जाहीर करून टाकलंय. त्यावर कुणी ताटं मांडणार नाही. मला आनंद झाला, नाही कशाला म्हणू? पण ५५५ वापरणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक असते. कपॅसिटर मोठा लावला, रेझिस्टर वाढवला, तर फेरीला वेळ जास्त लागतो, एवढंच. रेघा तिथेच राहतात, एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश. आणि फार मोठी मुदत मागितली तर वेगळीच अडचण होते. एक हजार मायक्रोफॅरड आणि एक मेगओहम लावले तर हिशोबानं अठरा मिनिटं यायला हवीत. प्रत्यक्षात भरण्याचा वेग इतका मंद होतो, की कपॅसिटरच्या आतली गळती त्याला गाठते, आणि मग तो सहा व्होल्टच्या अलीकडेच कुठेतरी रेंगाळत राहतो. रविवारच्या दीड तासात मी जे केलं, ते मोकळ्या सोमवार-मंगळवारांत करेन की नाही, हे मी आज सांगू शकत नाही.

रेघा हलवायची सोय मात्र कामेनझिंडनं ठेवलेली आहे. पाचवा पाय. त्याला बाहेरून व्होल्टेज दिलं की वरची रेघ आपण म्हणू तिथे सरकते. आम्ही हौशी लोक तो पाय सहसा वापरत नाही. १०३ नंबरचा चिमुकला सिरॅमिक लावून जमिनीला बांधतो आणि विसरून जातो. मला तो आठवतो तो अण्णांच्या शेवटच्या वर्षांमुळे. त्यांना बेल ऐकू येईनाशी झाली होती. दूधवाला, पेपरवाला, औषध घेऊन येणारा मुलगा, सगळे वाजवून परत जात आणि अण्णा खुर्चीत दाराकडे बघत बसलेले असत. बेल दाबली की त्यांच्या समोरच्या भिंतीवर दिवा लुकलुकेल असं सर्किट मी करून दिलं. जेवणाच्या त्याच टेबलावर, तीच मांडामांड आणि आवराआवर करत. कॅबिनेट म्हणून साबणाची डबी कापली, भोकं तापल्या खिळ्यानं पाडली, झाकण लावलं. कुठेही अडलं नाही. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवून ती डबी उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "झाकण लावलंस?"

परवा सोसायटीच्या सेक्रेटरींनी जिन्यात गाठलं. टाकी भरून पाणी वाहत राहतं, वॉचमनच्या लक्षात येत नाही, "मॅडम, भरली की वाजेल असं काही तुम्हाला करता येईल का?" दोन तारा पाण्यात सोडायच्या, एक ट्रान्झिस्टर, एक ५५५, एक बझर, चालता चालताच ते माझ्या डोक्यात जुळून गेलं. करते म्हटलं. "कधीपर्यंत होईल?" त्यांनी विचारलं. तारीख सांगायची की नाही, हे अजून ठरवते आहे. सांगितली तर ते नक्की होईल, पंपाच्या खोलीत भिंतीवर बसेल, वाजेल, लोक त्याच्या आवाजाला नावं ठेवतील, आणि त्यानंतर त्यात माझ्यासाठी करण्यासारखं काही उरणार नाही.